चार रांगा रिकाम्या

माझा मामा आयुष्यभर लोकांना खुर्च्यांवर बसवत आला आणि स्वतः उभा राहिला. आधी बावीस वर्षं गावातल्या थिएटरात, मग जवळजवळ दहा वर्षं एका मोठ्या प्रवासी जहाजावर. जहाजावरची दहा वर्षं पुरी व्हायला चार महिने कमी पडले, आणि ते माझ्यामुळे कमी पडले. हे घरात कुणाला माहीत नाही. मामाला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आम्ही दोघं अळीमिळी गुपचिळी करून बसलो आहोत. तोंडाने सांगायची हिंमत होत नाही, म्हणून लिहून बघतो आहे.

त्याला सगळे बॅटरीमामा म्हणत. थिएटरात तो दरवाज्यावर असे. अंधारात उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची, हे त्याचं काम. उंच, किडकिडीत माणूस. आपलं डोकं पडद्याच्या आड येऊ नये म्हणून कमरेत वाकून चालायची त्याला सवय लागली, ती पुढे रस्त्यावरही सुटली नाही. भाजी आणायला निघाला तरी असा वाकून चालायचा, की मागच्या कुणाला दिसत नसेल तर त्याची पंचाईत नको. हजारो सिनेमे त्याने पाहिले, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही. मामी चिडवायची, "ह्यांना कुठलाही सिनेमा विचारा, शेवट चोख सांगतील. कोण कुणाचा मुलगा होता, ते मात्र तुम्हीच शोधून काढा."

त्या थिएटरात पुढे बाकं होती, मधे लाकडी खुर्च्या आणि वर बाल्कनीत गाद्यांच्या खुर्च्या. बाकांवरच्या माणसाला मान वर करकरून सिनेमा बघावा लागे. मामाची एक रीत होती. सिनेमा सुरू झाला, दरवाजे लागले, की दहा मिनिटं थांबायचा. मग बाकांवर कुणी म्हातारं, कुणी अवघडलेली बाई, कुणी कडेवर मूल घेऊन बसलेलं असलं, तर त्यांच्या पायाशी दोनदा उजेड पाडायचा. एक शब्द बोलायचा नाही. त्या माणसाने मुकाट उठायचं आणि मामाच्या मागून बाल्कनीच्या जिन्याने वर जायचं. गावाला ती खूण ठाऊक होती. मालकालाही ठाऊक होती. तो एवढंच म्हणायचा, "दिवे असताना नको." मामाचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "उजेडात तिकिटाचं राज्य, अंधारात माझं."

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात. म्हणून शाळा सुटली की मी मामाच्या स्टुलावर. मामा तसाही त्यावर कधी बसत नसे. मला अभ्यासाला तिकीटखिडकीतला दिवा मिळायचा, मध्यंतरात चहा मिळायचा, आणि रविवारी मामी दोन्ही वेळा जेवायला ठेवून घ्यायची. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मी त्या घरचाच होतो, हे आज लिहिताना मान खाली जाते.

पुढे थिएटर बंद पडलं. तिथे फर्निचरचं दुकान निघालं, म्हणजे खुर्च्या राहिल्या आणि मामा गेला. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय शिकायचं? तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की जहाजावर थिएटर असतं आणि तिथे माणसं लागतात. भरती करणाऱ्या साहेबाने विचारलं, "किती खुर्च्यांचं थिएटर सांभाळलं आहे?" मामा म्हणाला, "सातशे बावीस. त्यातल्या तीन मोडक्या." साहेब हसला आणि मामा जहाजावर लागला.

पाचेक वर्षांनी त्याने मलाही तिथे चिकटवलं. मी तेव्हा पदवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहण्याची नोकरी करत होतो. मामा सुट्टीवर आला होता. त्याने माझा अर्ज घेतला आणि भरतीच्या कचेरीसमोर तीन दिवस उभा राहिला. उभं राहण्यात त्याचा हात कोण धरणार? तिसऱ्या दिवशी साहेब कंटाळला आणि मला आत बोलावलं. मला बोलता चांगलं येत होतं, चारपाच भाषांत मोडकंतोडकं का होईना निभावता येत होतं, म्हणून मला चौकशीच्या टेबलावर बसवलं. मी बसलो आणि मामा खाली थिएटरात उभा राहिला. दोन वर्षांत माझ्या खांद्यावर पट्टी आली. सकाळी कर्मचाऱ्यांना नियम वाचून दाखवणं आणि त्यांच्या सह्या घेणं माझ्याकडे आलं. मामाचीही सही मीच घ्यायचो. तो सही करताना म्हणायचा, "साहेब, अंगठा चालेल का?" आणि सगळे हसायचे.

त्या वेळचं जहाज वेगळं होतं. केबिनींचे दर कमीजास्त होते. कुणाला खिडकी, कुणाला भिंत. पण माणूस केबिनीचं दार ओढून बाहेर आला की सगळं एक. एकच पोहण्याचा तलाव, एकच जेवणघर, एकच रांग. कारखानदार आणि शिंपी एकामागे एक ताट धरून उभे राहायचे आणि पुढच्याने जास्त वाढून घेतलं म्हणून दोघंही सारखेच कुरकुरायचे. थिएटरात तर जो आधी येईल तो पुढे बसेल. मामा त्यावर बेहद्द खूश होता. "इथे उजेडातही माझंच राज्य आहे," म्हणायचा.

मग जहाज तीन आठवडे गोदीत गेलं. बाहेर आलं तेव्हा वरच्या दोन मजल्यांना दुधी काचेचं दार बसलेलं होतं. त्या दाराला कार्ड लावावं लागे, आणि ते उघडणाऱ्या कार्डाला सोनेरी कड होती. आत त्यांचा तलाव वेगळा, जेवणघर वेगळं, गाणारी मंडळी वेगळी. लिफ्टसुद्धा त्यांच्यासाठी अडवून ठेवायची, मग खालचा माणूस काठी टेकत उभा असला तरी बेहत्तर. जहाजावर चढायला दोन पूल झाले, एकावर गालिचा आणि दुसऱ्यावर नुसता पत्रा. जुने जाणते खलाशी सांगत, की पूर्वीच्या जहाजांवर असंच होतं, वरचा वर्ग, खालचा वर्ग, मधे साखळी. मग लोकांनाच त्याची लाज वाटायला लागली आणि ते गेलं. आता ते परत आलं होतं. लाजेचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही.

आम्ही कर्मचारी आपसात वरच्यांना 'साय' म्हणायचो आणि खालच्यांना 'दूध'. मामाने त्यात भर घातली, "आणि आपण बुडाची खरवड." हसलो आम्ही. माझं हसणं जरा कमी होतं, कारण हे नवं सगळं लोकांच्या गळी उतरवण्याचं काम माझ्याकडे होतं. एक निवृत्त जोडपं दरवर्षी यायचं. त्यातल्या बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "अहो, गेल्या वर्षी आम्ही त्या वरच्या कठड्याशी बसून सूर्य मावळताना बघत होतो. आता तिथे दार आहे." मी तोंडभर हसून म्हणालो, "बाई, यंदा तुमच्यासाठी खाली नवीन जागा केली आहे, तिथे वाराही लागत नाही." खाली समुद्र दिसत नव्हता, तर वारा कुठून लागणार? पण त्या बाई मलाच 'थँक्यू' म्हणून गेल्या. हे काम मला फार चांगलं जमू लागलं. पोटात एक आणि ओठात एक ठेवायला पट्टी मिळते, हे मला तिथे कळलं.

थिएटरात पुढच्या चार रांगा वरच्यांसाठी राखून ठेवल्या. एका रांगेत चोवीस, म्हणजे शहाण्णव खुर्च्या. प्रत्येकीच्या डोक्याशी पांढरं कापड. नियम असा, की खेळ सुरू झाला तरी त्या खुर्च्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत. गंमत म्हणजे वरची माणसं तिथे फारशी यायचीच नाहीत. त्यांना वरच गाणं होतं. कधी दहा यायची, कधी चार, कधी एकही नाही. मागे माणसं भिंतीला टेकून उभी आणि पुढे चार रांगा रिकाम्या.

मी एकदा मॅनेजरबाईंना विचारलं, की येतच नाहीत तर निदान अर्धा खेळ झाल्यावर तरी जागा द्याव्यात. बाई दुष्ट नव्हत्या. समजावून सांगितलं त्यांनी, "हे बघ, ते खुर्ची विकत घेत नाहीत. खुर्ची त्यांना घरीही आहे. आपल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार नाही, हे ते विकत घेतात. तू तिथे कुणाला बसवलंस, तर तू त्यांचा माल चोरलास." मला ते पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मी कर्मचाऱ्यांना माझंच म्हणून ऐकवलं.

मामा ऐकून म्हणाला, "म्हणजे मला हवा राखायची आहे."

"तसंच समज."

"इतकी वर्षं माणसं आत घेतली, आता कावळे हाकायचे. आणि कावळेही बिचारे तिकीट काढून आलेले."

तो राखायचा मात्र नीट. नाकासमोर चालणारा माणूस. पांढऱ्या कापडावर कुणी बसलं की जाऊन कानाशी वाकायचा आणि अशा आवाजात उठवायचा, की जणू चूक त्याचीच आहे. पण त्याचं खाणं कमी झालं होतं. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात माझ्यासमोर बसून तो भात चिवडत राहायचा.

त्याला एकच गोष्ट तिथे धरून ठेवत होती. कंपनीची एक जुनी पद्धत होती. ज्याची दहा वर्षं अखंड भरतील, त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला पंधरा दिवस जहाजावर पाहुणा म्हणून फिरवायचं. मामीने आयुष्यात मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पण तिला पाण्याचंही तेवढं नव्हतं. ती फोनवर म्हणायची, "मला एवढंच बघायचं आहे, हा माणूस दिवसभर उभा कुठे राहतो." मामाने तिला ती जागा शब्दांत शंभरदा सांगितली होती. डावीकडच्या दाराशी, खांबाच्या अलीकडे. तरी तिचं समाधान होत नव्हतं. चार महिने उरले होते.

आता ती गोष्ट.

दर फेरीत, जहाज कुठे थांबणार नसेल अशा एका दिवशी, दुपारी प्रवाशांचाच कार्यक्रम असायचा. आठवडाभर हौशी लोकांना जमवून एक शिक्षिका गाणी बसवून घ्यायची आणि मग ते थिएटरात गायचे. आवाज कसेही असोत, घरची माणसं मात्र डोळ्यांत पाणी आणून ऐकायची. वरचं कुणी त्या कार्यक्रमाला यायचं नाही. त्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलाशी आला. माझी दुपारची यादी चालली होती.

"अरे, एक म्हातारी आहे," तो म्हणाला. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तिचं. नवरा आज गाणार आहे. दोन दिवस मला विचारते आहे, पुढे बसू का म्हणून. मागून तिला स्टेजवर नुसते डाग दिसतात म्हणे. दिवे गेल्यावर बसवू का कडेला? आणखी चारपाच अशीच आहेत."

मी मान वर न करता म्हणालो, "बसव रे मामा. आज कोण येतंय वरचं?"

"नियम आहे ना. तूच वाचलास."

"मी आहे ना," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी म्हणालो. मला ते बोलल्याचं स्पष्ट आठवतं, कारण बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. इतकी वर्षं तो माझ्यासाठी होता, आता मी त्याच्यासाठी आहे, असं काहीसं.

दुपारी दिवे गेले. मामाने दहा मिनिटं वाट पाहिली. मग त्या म्हातारीच्या पायाशी दोनदा उजेड पाडला. तिला खूण कुठून कळणार? तिने पाय आत ओढून घेतले. तिला वाटलं, पाय वाटेत आले म्हणून दाखवतो आहे. मामाने पुन्हा दोनदा पाडला. शेवटी शेजारच्याने तिला उठवलं आणि मामा तिला हाताला धरून चौथ्या रांगेच्या कडेला घेऊन आला. मग आणखी पाच जण. मी तेव्हा मागच्या दाराशी उभा होतो, मी पाहिलं. म्हातारीने नवऱ्याला ओळखलं आणि हात हलवला. नवरा गाणं विसरला. सगळं थिएटर हसलं, टाळ्या वाजल्या, आणि ते गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मामा खांबाशी उभा राहून हसत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला तसा पाहिला.

तेवढ्यात सोनेरी कार्डवाले एक गृहस्थ आत आले. आदल्या दिवशी तिथे विसरलेला चष्मा शोधत आले होते. त्यांना बसायचं नव्हतं, गाणं ऐकायचं नव्हतं. चष्मा सापडला, तो डोळ्यांवर चढवला आणि मग त्यांना ती सहा माणसं दिसली. ते मामाशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ वर गेले आणि तक्रार लिहून दिली. त्यात एकच वाक्य होतं : मग आमच्या खुर्च्यांना पांढरं कापड कशासाठी लावलं आहे?

संध्याकाळी मॅनेजरबाईंच्या छोट्या खोलीत आम्ही तिघं होतो. गोल टेबल, तीन खुर्च्या. मामा उभाच राहिला. बाईंनी दोनदा 'बसा' म्हटलं तेव्हा खुर्चीच्या टोकाला टेकला. मला त्याच आठवड्यात वरच्या मजल्यांची जबाबदारी मिळणार होती. वरच्या पाहुण्यांची सगळी व्यवस्था, खांद्यावर आणखी एक पट्टी, खिडकीची केबिन. कागद तयार होता, बाईंची सही बाकी होती. हे मामालाही माहीत होतं. मीच त्याला तीनदा सांगितलं होतं.

बाई मामाला म्हणाल्या, "तुमचं काम मला माहीत आहे. तुम्ही स्वतःहून हे केलं नसणार. कुणी सांगितलं होतं का? वरिष्ठ कुणी 'बसवा' म्हणाला असेल तर तुमच्यावर काही येत नाही. त्याला मी एक लेखी ताकीद देईन आणि विषय संपेल."

याहून जास्त दार कोण उघडून देणार? ताकीद मला मिळाली असती. बढती गेली असती, पुढच्या वर्षी पुन्हा आली असती. कुणाचं काही मोडलं नसतं. मामाने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता, धाकही नव्हता. तो नुसता थांबला होता. मी बोलेन, याची त्याला खात्री होती. मी म्हणालो, "नियम मी त्यांना आमच्या भाषेत दोनदा समजावून सांगितला आहे. त्यांची सही माझ्याकडे आहे."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. असं खरं मी आयुष्यात पुन्हा बोलू नये.

बाईंनी मामाकडे पाहिलं. मामाने टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. मग म्हणाला, "हो. नियम मला माहीत होता. म्हातारी बाई होती, राहवलं नाही."

"कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

मी तेव्हाही बोलू शकत होतो. मूग गिळून बसलो. मनात विचार कुठला, तर बाई आता सही करतील ना? हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी बंदर आलं आणि मामाला कामावरून काढून उतरवलं. त्या चार दिवसांत तो मला तीनदा भेटला आणि तिन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलला. माझ्या मोज्यांना भोक पडलंय, नवे घे. आईला फोन कर. मी 'मामा' एवढंच म्हणून अडखळलो, की तो काहीतरी काम आठवून निघून जायचा. तो मला माफी मागायची संधी देत नव्हता, की मला अवघडू देत नव्हता, ते मला आजही ठरवता येत नाही. उतरायच्या दिवशी मी गालिच्याच्या पुलाशी नव्या पट्टीत उभा होतो आणि वरच्यांना नावाने नमस्कार करत होतो. खाली, मालाच्या दारातून मामा बाहेर पडला. एका हातात पेटी, काखेत छत्री. एवढा मोठा उघडा धक्का, वर आभाळ, मागे कुणी नाही, तरी कमरेत वाकून चालला होता. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तेवढ्यात एक जोडपं पुलावर आलं आणि मी त्यांना म्हणालो, "या, या, प्रवास कसा झाला?"

घरी मी सात महिन्यांनी गेलो. ठरवून गेलो होतो, की मामीसमोर सगळं सांगायचं. तिने शिव्या दिल्या तर खायच्या, दार लावलं तर परत फिरायचं. बसमध्ये मी पहिलं वाक्यही पाठ केलं होतं.

मामीने दार उघडलं आणि मला बोलूच दिलं नाही. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "ये रे बाबा, ये. तुझी वाट बघून डोळे दुखले." मला बसवलं, चहा टाकला, शेजारणीला हाक मारून बोलावलं. "हाच तो," तिला म्हणाली. "ह्यांचे गुडघे गेले, उभं राहवेना, कंपनी डाग लावून काढणार होती. हा मधे पडला, साहेबांशी भांडला, म्हणून मानाने घरी आले. ह्यांनी सगळं सांगितलं मला."

मी मामाकडे पाहिलं. तो खिडकीशी रेडिओचं बटण फिरवत होता. रेडिओ बंद होता.

"मामी, तसं नाही," मी म्हणालो.

"गप रे. मोठेपणा घेत नाही म्हणून काय आम्हाला कळत नाही?" तिने डोळे पुसले. "लोक म्हणायचे, दुसऱ्याचं पोर, कशाला एवढं करता? आता बघा म्हणावं."

शेजारीण माझ्याकडे कौतुकाने बघत होती. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. ते बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो आणि मामा खोटा पडला असता, असं मी स्वतःला समजावलं. खरं एवढंच, की ते कौतुक ऐकायला मला बरं वाटत होतं. मी चहा प्यालो. मामीने वाढलेलं सगळं जेवलो. तिने तो प्रसंग दुसऱ्यांदा सांगितला, तेव्हा मी मानही हलवली.

निघताना ती आतून एक नवी कोरी चाकांची बॅग घेऊन आली. हँडलला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. "त्या सहलीसाठी घेतली होती," ती म्हणाली. "आता मी कुठे जाणार? तू फिरतीवरचा माणूस, तुला लागेल. नाही म्हणायचं नाही." मी नाही म्हणालो नाही.

मामा मला सोडायला बसथांब्यापर्यंत आला. त्याने बॅग माझ्या हातातून घेतली आणि ओढत चालू लागला.

"मामा, त्या दिवशी खोलीत मी..." मी कसंबसं सुरू केलं.

"झालं ते. तुला बढती मिळायची होती. मी तुझ्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो." तो चालत राहिला. "वरचं सगळं तुझ्याकडे आलं ना?"

"हो."

"थिएटरपण?"

"त्या चार रांगा माझ्याकडेच आहेत."

"बरं झालं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "दिवे गेले की बसवतोस ना कुणाला?"

मला खोटं बोलायला हवं होतं. सगळ्या जगाशी मी गोड खोटं बोलतो, त्याच दिवशी तासाभरापूर्वी मामीशी बोललो होतो. पण त्याच्यासमोर ते आलं नाही.

"नाही मामा. रिकाम्याच ठेवतो."

"प्रवाशांच्या कार्यक्रमालासुद्धा?"

"हो."

"मागे कुणी म्हातारं उभं असलं तरी?"

"हो."

तो थांबला. बॅग त्याने रस्त्याच्या कडेला उभी केली आणि तिचं हँडल खाली दाबून बसवलं.

"मला वाटलं होतं, मी गेलो तरी आपलं एक माणूस राहिलं तिथे," मामा म्हणाला. "मग मी उगाच गेलो रे."

तो रागाने बोलला नव्हता. रागावला असता, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.